प्लूटोचा शोध व जुन्या काचांचा पुरावा

दोन पोथ्या शेजारीं मांडून ज्यांनीं पाठ ताडिले आहेत, त्यांस प्लूटो कसा सांपडला हें समजण्यास अडचण पडूं नये. दुर्बिणींतून तो मंद ताऱ्यासारखाच दिसतो. एकट्या फोटोवरून ओळखतां येत नाहीं. परंतु तारे जागच्या जागीं राहतात व ग्रह सरकतो. सबब आकाशाचा तोच भाग कांहीं दिवसांनीं पुनः टिपून दोन्ही काचा ताडाव्या लागतात.

अमेरिकेंत फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेंत क्लाइड टॉम्बॉ या चोवीस वर्षांच्या तरुणानें हेंच केलें. १३ इंची दुर्बिणीनें काचेवर तास तासभर प्रकाश घ्यावयाचा. मग दोन काचा अशा यंत्रांत बसवावयाच्या कीं एकाच भिंगांतून त्या आळीपाळीनें झरझर दिसाव्या. तारे निश्चल राहतात, सरकलेला ठिपका तेवढा उड्या मारतो. ता. २३ व २९ जानेवारी १९३० च्या काचांवर, मिथुन राशींत, असा ठिपका टॉम्बॉस ता. १८ फेब्रुवारीस दिसला. १३ मार्चला शोध जाहीर झाला.

येथवरची हकीकत सर्वश्रुत आहे. आमच्या मतें संशोधकानें लक्ष द्यावें तें पुढील भागाकडे. प्लूटोची एक प्रदक्षिणा सुमारें २४८ वर्षांची. कांहीं आठवड्यांच्या वेधांवरून कक्षा कशी ठरणार? तेव्हां वेधशाळांनीं आपलीं जुनीं दप्तरें उलगडलीं, आणि त्यांत प्लूटो निघाला! माउंट विल्सन येथें १९१९ सालीं अशाच ग्रहाच्या शोधार्थ घेतलेल्या काचांवर तो होता, पण त्या वेळीं हातीं लागला नव्हता. त्याहून चटका लावणारी गोष्ट पर्सिव्हल लॉवेलची. नेपच्यूनपलीकडील ग्रहाचें गणित मांडून त्यानें आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्याच्या मागें वेंचलीं. त्याच्याच वेधशाळेंतील ता. १९ मार्च व ७ एप्रिल १९१५ च्या काचांवर प्लूटो उमटलेला आहे. अपेक्षा बऱ्याच तेजस्वी ग्रहाची होती. मंद ठिपक्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९१६ सालीं लॉवेल वारला. आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी नोंद येर्कीस वेधशाळेंतील ता. २० ऑगस्ट १९०९ च्या काचेवरील होय.

या पुराव्यानें कक्षा पक्की झाली. लॉवेलचें गणित मात्र टिकलें नाहीं. त्यानें कल्पिलेला ग्रह पृथ्वीच्या सुमारें सातपट वजनाचा होता. पुढें प्लूटोचा चंद्र शॅरॉन सांपडल्यावर प्लूटोचें वजन काढतां आलें, तें पृथ्वीच्या चारशेंव्या भागाहूनहि कमी भरलें. एवढ्याशा गोलानें युरेनसची गति बिघडणें शक्य नाहीं; जागा जुळली हा निव्वळ योगायोग. २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. तो चंद्रहि १९७८ सालीं काचेवरच सांपडला. प्लूटोची प्रतिमा एका बाजूस फुगलेली दिसते म्हणून त्या काचा सदोष ठरवून बाजूस टाकलेल्या होत्या.