सह्याद्रीच्या पायऱ्यांवरून सायकल-फेरी

वाई, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर, मेढा, कुडाळ, पाचवड आणि पुन्हा वाई, अशी सुमारे १०० किलोमीटरची फेरी सातारा जिल्ह्यात सायकलवरून करता येते. मोटारीने हे अंतर काही तासांत संपते. परंतु रस्त्याच्या कडेला उघडा पडलेला डोंगराचा इतिहास त्या वेगात दिसत नाही. गिअरच्या, जाड टायरच्या सायकलीने चढ हळूहळू चढणाऱ्यास तो थराथराने वाचता येतो. या वाचनाला एक व्यावहारिक बाजूही आहे. वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरच्या डोंगरांवरील काही वाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाई का भासते, या प्रश्नाचे उत्तर याच रस्त्याच्या कडेला लिहिलेले आहे.

पसरणीचा घाट

वाई मागे पडताच पसरणीचा घाट सुरू होतो. सुमारे १२ किलोमीटरच्या या वाटेत जवळजवळ ६०० मीटर उंची गाठावी लागते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट पुन:पुन्हा बाहेर पडले आणि एकावर एक थिजत गेले. त्यांतून बनलेला काळा पाषाण आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. प्रत्येक थराचा घट्ट भाग उभा कडा बनून टिकतो आणि पोकळ, ठिसूळ भाग झिजून उतार बनतो. त्यामुळे डोंगराला पायऱ्यांचे रूप येते. या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

घाटात दम घेण्यासाठी थांबल्यावर कापलेल्या दरडीकडे नीट पाहावे. कोठे एकसंध काळा कातळ दिसतो, तर कोठे पांढऱ्या खनिजांचे ठिपके असलेला मांजऱ्या खडक. लाव्हारसातील वायू निघून गेल्यावर राहिलेली छिद्रे पुढे खनिजांनी भरली, त्यांचे हे ठिपके होत. दोन थरांमध्ये मधूनच तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात पहिल्या थराचा पृष्ठभाग झिजून झालेली ही माती होय. शिक्षकाने विद्यार्थ्यांना एवढे तीन प्रकार ओळखावयास शिकविले, तरी घाटाचा अर्धा पाठ पूर्ण झाला.

जांभ्याचा माथा

पाचगणीला पोहोचताच दृश्य बदलते. पठारावर काळ्या कातळाऐवजी तांबूस, सच्छिद्र जांभा आढळतो. उष्ण व दमट हवामानात दीर्घकाळ पाऊस झिरपून खडकातील सिलिका वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि त्यांचे हे कठीण टोपण तयार झाले. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये या प्रकारच्या खडकाला, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. त्याने हा खडक केरळातील अंगाडिपुरम येथे पाहिला होता.

पाचगणी ते महाबळेश्वर हे अंतर अवघे १९ किलोमीटर असले, तरी पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या सुमारे एक तृतीयांश आहे आणि पूर्वेकडील वाईस तो आणखी कमी आहे. ढग पश्चिमेच्या कड्यावरच रिते होतात, हे रस्त्याकडेची झाडी पाहतच समजते.

पाण्याचे कोडे

क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांची उगमस्थाने मानली जातात. या श्रद्धेमागे भूरचनेचेही सत्य आहे. जांभा स्पंजाप्रमाणे पाणी शोषतो. त्याखालील चिकण थर व घट्ट कातळ ते सहज खाली जाऊ देत नाहीत. म्हणून दोहोंच्या संधीवर, पठाराच्या कडेला, झरे फुटतात. परंतु हा स्पंज लहान आहे. उन्हाळ्यापर्यंत तो बराच रिता होतो, खालचा कातळ फटींपुरतेच पाणी साठवितो आणि उरलेला पाऊस तीव्र उतारावरून केव्हाच वाहून गेलेला असतो. पठारावर वाहने फिरून माती घट्ट झाली, झुडपे नष्ट झाली किंवा झऱ्याच्या माथ्यावरच बांधकाम झाले, की जिरणारे पाणी घटते आणि त्याचा फटका उतारावरील वाडीला बसतो.

परतीचा उतार

केळघर घाटातून रस्ता वेण्णेच्या खोऱ्यात मेढ्याकडे उतरतो. तेथून कुडाळमार्गे पाचवडला जाताना आपण कृष्णेच्या खोऱ्यात परततो. वेण्णा पुढे साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेला मिळते. एकाच डोंगरावरून निघालेल्या दोन नद्यांची खोरी अशा रीतीने एका फेरीत पाहून होतात.

ही फेरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, दोन दिवसांत करावी. पावसाळ्यात दरडींचा धोका असतो. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. निघण्यापूर्वी ब्रेक तपासावेत, उतारावर ते सतत दाबून न धरता थांबत थांबत उतरावे, शिरस्त्राण वापरावे आणि वनातील वाटांसाठी वन विभागाची परवानगी घ्यावी. सायकल रस्त्यावरच ठेवावी व पठारावर पायी जावे. खडकातील खनिजे फोडून नेऊ नयेत.

हा प्रदेश २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी व महाबळेश्वर येथील दख्खन ट्रॅपचा युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या भारताच्या संभाव्य यादीत समावेश झाला. तथापि, हा वारसा केवळ यादीने जपला जाणार नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील झरे व त्यांना पाणी पुरविणारा माथा यांची नोंद ठेवली, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घेतला आणि शाळेने वर्षातून एकदा मुलांना तो माथा दाखविला, तर खडकांचे हे ज्ञान गावाच्या घागरीपर्यंत पोहोचेल.