काकांचं चलान आणि रात्रीचे दहा तास

“अवं बाई, मले वाटलं समृद्धीवर गाडी जरा जोरातच गेली असंल!”

वाशिमहून काकांचा फोन. वेळ सकाळी साडेआठ. मी पुण्यात, एका हातात कॉफी आणि डोक्यात डेडलाइन. आदल्याच आठवड्यात काका कारंजाहून समृद्धी महामार्गाने नागपूरला जाऊन आले होते. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली तेव्हा शंका कशी येणार? फाइल उघडली, फोनने काहीबाही विचारलं, काकांनी ‘अलाऊ’ दाबलं. पाचशे रुपये दंड भरायला कार्डाचा नंबर टाकला. झालं! खात्यातून ८६ हजार साफ. सोयाबीनचे पैसे होते ते.

आणि गंमत बघा, ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ती फाइल म्हणजे पावती नव्हतीच, ते एक अॅप होतं. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं दिसली की समजायचं. एसएमएस वाचायची परवानगी एकदा दिली की ओटीपी थेट चोराच्या हातात. आरटीओच काय, कुठलंही सरकारी खातं किंवा बँक व्हॉट्सअॅपवर अशी अॅपची फाइल पाठवत नाही.

आपल्याला वाटतं, असले उद्योग करणारे कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत बसत असतील. ऑक्टोबर २०१६ आठवतोय? ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटर्सवर धाड टाकली, तेव्हा आत शेकडो पोरं-पोरी हेडफोन लावून बसली होती. आपल्याच वयाची! नाइट शिफ्ट, अमेरिकन नावं, समोर तयार स्क्रिप्ट. ‘आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरला नाहीत तर पोलिस दारात येतील.’ घाबरलेला अमेरिकन माणूस दुकानातून गिफ्ट कार्ड आणायचा आणि त्यावरचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा.

ती स्क्रिप्ट आता आपल्याकडे हिंदी-मराठीत फिरते आहे. आधी साहेबाचा आवाज, मग भीती, मग घाई. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीसुद्धा दिसते. अशी अटक आपल्या कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. माझ्या मते या सगळ्यातलं सर्वात घातक वाक्य एकच : ‘घरात कुणाला सांगू नका.’ ते ऐकू आलं की फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

काकांच्या बाबतीत ते वाक्य कुणी म्हणायचीही गरज पडली नाही. पैसे गेल्याचं त्यांना रात्री साडेदहालाच कळलं होतं. मग रात्रीच का नाही केला फोन?

“तू हासशील म्हनून.”

ते दहा तास महागात पडले. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पळतात. १९३० वर लगेच कळवलं, तर वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही सकाळी फोन केला. २१ हजार एका खात्यात अडकवता आले, बाकीचे पुढे निघून गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचा सूरही हाच : आपल्याच चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं.

त्या शनिवारी मी वाशिम गाठलं. फोन रीसेट केला, पासवर्ड बदलले. मग ‘संचार साथी’वर बघितलं, तर काकांच्या नावावर चार सिम! एक त्यांचं, एक काकूंचं, एक चुलतभावाचं. चौथं कुणाचं? देव जाणे. तिथेच ‘माझा नंबर नाही’ असं नोंदवलं. आधारच्या झेरॉक्स आपण किती ठिकाणी वाटत फिरतो, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं. मग पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड केलं आणि अंगठ्याचा ठसा ऑनलाइन लॉक केला. चहा थंड व्हायच्या आत झालं सगळं. तुमच्या आई-बाबांचा फोन तुम्ही शेवटचा कधी बघितलात? फोटो सोडून?

परवा नव्या नंबरवरून काकांना फोन लावला.

“काका, मी बोलतेय.”

“मी म्हंजे कोन? आपल्या वावरातली विहीर कोन्या झाडाखाली हाये, सांग बरं.”

मला आठवेना. काकांनी फोन कट केला.