हिवाळ्यातील कासवाचा आहार : वसई परिसराच्या संदर्भात

मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द भूचर आणि जलचर अशा दोन भिन्न प्राण्यांना सरसकट लावला जातो. एरवी त्यामुळे काही अडत नाही. परंतु घरी ठेवलेल्या कासवास काय खाऊ घालावे, हा प्रश्न आला की ही संदिग्धता प्राणघातक ठरू शकते. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले तारा-कासव भूचर असून मुख्यत्वे शाकाहारी आहे. कोकणातील तळ्याविहिरींत राहणारे मऊ पाठीचे कासव मात्र मासे, बेडूक, गोगलगायीही खाते. तारा-कासवास पुण्यबुद्धीने देवळाच्या तळ्यात सोडणे म्हणजे त्यास बुडविणेच होय. पुढील विवेचन तारा-कासवापुरते आहे.

थंडीतील आहाराविषयीचे बरेचसे प्रचलित लेखन युरोपातील कासवांवर आधारलेले आहे. गिल्बर्ट व्हाइट याने १७८९ च्या ग्रंथात वर्णिलेले सेलबोर्न येथील ‘टिमोथी’ हे कासव (ते मादी होते, हे मागाहून कळले) हिवाळाभर मातीत पुरून घेत असे. अशा जातींना शीतनिद्रेपूर्वी उपाशी ठेवून आतडे रिकामे करविण्याची पद्धत आहे व ती योग्यही आहे. तारा-कासव मात्र शीतनिद्रा घेत नाही. थंडीत ते केवळ मंदावते. म्हणून तेथील नियम येथे लागू करणे सयुक्तिक नव्हे.

वसईच्या हिवाळ्याचे वैशिष्ट्य कडाक्यात नसून दिवस-रात्रीच्या तफावतीत आहे. या किनारपट्टीवर जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास उतरते, तर दुपारी ते ३० अंशांपर्यंत चढते. कासवाच्या देहाची उष्णता परिसरावर अवलंबून असते आणि पचनक्रिया त्या उष्णतेवर. सायंकाळी खाल्लेला पाला थंड रात्रीत आतड्यात तसाच पडून राहतो, आंबतो व पोट फुगते. सकाळी ऊन अंगावर घेऊन कासव चालू लागल्यावर, म्हणजे साधारणतः दहा-अकराच्या सुमारास, अन्न दिल्यास पचनास पुढील उबदार तास मिळतात. थंडीत खाणे कमी होणे स्वाभाविक आहे. बळेच भरविणे मात्र अपायकारक होय. गारठलेल्या कासवाला प्रथम ऊब हवी, अन्न नंतर.

येथे ऊन म्हणजे उघडे ऊन. विरार-नालासोपाऱ्यातील सदनिकांत काचेआडून येणारा प्रकाश ऊब देतो, परंतु त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करणारे अतिनील किरण काच अडविते. त्या जीवनसत्त्वावाचून आहारातील कॅल्शियम शोषले जात नाही आणि पाठ मऊ पडते. अर्थात उन्हाशेजारी सावलीही हवीच.

अन्नात हरळीसारखे गवत, जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला व काटे काढलेला फड्या निवडुंग यांना प्राधान्य द्यावे. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. तो नित्याचा आहार होऊ नये. वसईच्या केळ्यांची कीर्ती मोठी, सुकेळ्यांची त्याहून. पण कासवाच्या दृष्टीने केळे हे निकृष्ट अन्न आहे. त्यातील फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे चौपट असतो, आणि साखर आतड्यात आंबते ती वेगळीच. दूध-पाव व कुत्र्याचे खाद्य सर्वथा वर्ज्य. हिवाळी हवा कोरडी असल्याने उथळ, कोमट पाण्यात कासवास काही वेळ बसवावे. पाणी त्याच्या हनुवटीखालीच राहिले पाहिजे. पाठीवर उंचवटे येण्याचा दोष एकेकाळी केवळ प्रथिनांच्या माथी मारला जाई. २००३ साली आफ्रिकेतील एका भूचर जातीवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र हवेतील आर्द्रतेचा प्रभाव अधिक आढळला.

कासवी केवळ दृष्टीने पिलांना पोसते, हा संतवाङ्मयातील दृष्टान्त सर्वपरिचित आहे. प्रत्यक्षात मादी अंडी पुरून निघून जाते आणि पिलू प्रथमपासून स्वतःच चरते. निश्चल कासव तृप्त आहे, या समजुतीमागे अशा प्रतिमांचा वाटा असावा. हिवाळ्यात ते बहुधा गारठलेले असते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. २०१९ मध्ये या जातीचा समावेश वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ती पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरी पाळता येत नाही. सबब वरील पथ्ये प्रामुख्याने जप्त केलेल्या कासवांचा सांभाळ करणाऱ्या केंद्रांसाठी आहेत. कोणाच्या घरी असे कासव आढळल्यास वनविभागास कळवावे आणि ताबा दिला जाईपर्यंत त्यास कोरड्या, उबदार जागी ठेवावे.