कळ, कान आणि करंगळी

तालुक्याच्या गावी ज्या ज्या ठिकाणी सामान्य माणसाचा सरकारशी संबंध येतो, त्या सर्व ठिकाणचा कारभार आज अखेरीस कोणाच्या तरी दहा बोटांवर येऊन ठेपलेला असतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. तळगडाच्या पायथ्याशी वसलेले, पूर्वी माणगाव तालुक्यात मोडणारे आणि आता स्वतःच तालुक्याचे ठाणे झालेले रायगड जिल्ह्यातील तळा हे असेच एक गाव. तहसील कचेरीतील कारकून, उत्पन्नाचे नि जातीचे दाखले काढून देणारा सेवा केंद्राचा चालक, खरेदीखताचा मसुदा टंकित करणारा दस्तलेखक, लिपिक-टंकलेखकाच्या जागेवर डोळा ठेवून सराव करणारी विद्यार्थिनी आणि मुंबईची नोकरी गावच्या माजघरातून सांभाळू पाहणारा चाकरमानी, या सर्वांच्या हाताखाली वस्तू एकच असते, ती म्हणजे संगणकाचा कळफलक. आणि नवल असे की प्रोसेसर, मेमरी नि पडदा यांची कसून चौकशी करणारा मनुष्य, जिला त्याचा हात दिवसाचे आठ तास प्रत्यक्ष लागलेला असणार, त्या या वस्तूच्या बाबतीत मात्र दुकानदार जे देईल ते मुकाट्याने पिशवीत घालून घरी येतो.

दुकानदार जे देतो तो बहुधा मेम्ब्रेन जातीचा कळफलक असतो. त्यात प्रत्येक कळीखाली रबराची एक लहानशी घुमटी असते. ती चेपली गेली की खालचे प्लास्टिकचे दोन पातळ पडदे एकमेकांस टेकतात आणि अक्षर उमटते. ही रचना स्वस्त, शांत नि हलकी खरी. परंतु तीत कळ जवळजवळ तळाला जाऊन आदळल्यावाचून अक्षर उमटेल की नाही याचा भरवसा बोटाला मिळत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांच्या वापराने रबर शिणले म्हणजे काही कळी जड, काही ढिल्या अशी विषमता तीत उत्पन्न होते. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो: एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांडा सुमारे चार मिलिमीटर खाली जाऊ शकतो, पण दोन मिलिमीटरच्या आसपासच पट्ट्यांचा स्पर्श होऊन अक्षर उमटते. म्हणजे सरावलेल्या हाताला उरलेली अर्धी वाट चालण्याचे कारणच राहत नाही. टंकयंत्रावर वाढलेल्या पिढीला हे उमजावयास वेळ लागतो. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कचेऱ्या, न्यायालये व टंकलेखन संस्था अशा यंत्रांच्या खडखडाटाने भरून राहिल्या. त्या यंत्रात बोटाच्या आघातानेच शाईच्या फितीवर खिळा आपटावयाचा असल्यामुळे जोर हाच गुण होता. आज तोच जोर निरर्थक झाला आहे. पण जुने हात अद्याप संगणकावरही कळ ठोकतात.

या स्विचांचे कुळ पाहू गेल्यास ते चेरी नामक कंपनीपाशी जाते. मूळची अमेरिकन आणि पुढे जर्मनीत स्थिरावलेली ही कंपनी १९८३ च्या सुमारास 'एमएक्स' नावाचे स्विच घेऊन आली, आणि तिच्या पेटंटची मुदत गेल्या दशकात सरल्यावर केल, गॅटेरॉन, आउटेमू आदी चिनी कारखान्यांनी त्याच घडणीचे स्विच अल्प दरात काढण्यास आरंभ केला. चैनीची म्हणून गणली जाणारी ही वस्तू दोन-तीन हजार रुपयांच्या आटोक्यात आली ती यामुळे. स्विचांची ओळख दांड्याच्या रंगावरून पटते. लाल दांड्याचा स्विच सरळ, निर्विघ्न खाली जातो आणि त्यास साधारण ४५ ग्रॅम दाब पुरतो. तपकिरी दांड्याच्या वाटेवर एक बारीकसा उंचवटा असतो, जो अक्षर उमटल्याची वर्दी बोटाला आवाज न करता देतो. आणि निळा दांडा ती वर्दी बोटाबरोबर कानालाही देतो, तीही खणखणीत 'टक्' अशी. निळ्याला दाबही थोडा अधिक लागतो. मात्र हे रंग म्हणजे काही सरकारी मानक नव्हे. एका कारखान्याचा तपकिरी दुसऱ्याच्या तपकिरीहून निराळा निघतो, म्हणून केवळ रंग वाचून समाधान न मानता स्विच कोणाचा आहे आणि त्यास दाब किती लागतो, हे विचारून घ्यावे. त्याचप्रमाणे 'मेकॅनिकलसारखा अनुभव' अशी जाहिरात करणारे, रंगीत दिव्यांनी झगमगणारे जे कळफलक हजार रुपयांच्या आत मिळतात ते बहुधा आतून रबराचेच असतात. कळीची टोपी उपटल्यावर खाली अधिकच्या चिन्हासारखा दांडा दिसला म्हणूनही भुलू नये, कारण तो रबराच्या घुमटीवरही बसविता येतो. स्विचाच्या निर्मात्याचे नावच जेथे दिलेले नाही तेथे माल संशयास्पद समजावा.

आता मुख्य मुद्दा. बाजारातील बहुतेक सारा सल्ला इंग्रजी लिहिणाऱ्याच्या किंवा खेळ खेळणाऱ्याच्या हातासाठी दिलेला असतो. मराठी लिहिणाऱ्या हाताची गरज निराळी आहे, आणि ती कोणी सांगत नाही. सरकारी व्यवहारात जी इन्स्क्रिप्ट मांडणी चालते ती १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने पुरस्कारिली व पुढे १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. तिच्यामागील तंत्रविद्या कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकने ती देशभर पोहोचविली. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही तिची योजना इतकी तर्कशुद्ध आहे की तिचे कौतुक करावे तितके थोडे. परंतु योजना तर्कशुद्ध असली तरी बोटे सारखी बलवान नसतात. ज, ड, च, ट आणि य ही पाचही व्यंजने उजव्या करंगळीच्या वाट्याला आली आहेत. ख, घ, थ, ध, भ यांसारखी सारी महाप्राण व्यंजने, शिवाय श आणि ळ, ही शिफ्ट दाबल्यावाचून येत नाहीत, म्हणजे उजवा हात अक्षर लिहीत असता डावी करंगळी शिफ्ट धरून उभी. आणि ण, अ, आ, इ, ई लिहावयाचे झाले की हेच काम उजव्या करंगळीकडे. काना व हलन्त हे मराठीतील अति वर्दळीचे दोन्ही गडी डाव्या मधल्या बोटाखाली वरखाली बसले आहेत. 'तळा' एवढे दोन अक्षरांचे नाव लिहितानाही तीन निरनिराळी बोटे आणि वर शिफ्टची करंगळी, असा चौघांचा लवाजमा लागतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, दिवसभर मराठी लिहिणाऱ्याने जड स्विच घेऊ नये. साठ ग्रॅमांच्या पलीकडचा दाब करंगळीला दुपारनंतर जाणवू लागतो, म्हणून ४५ ते ५५ ग्रॅमांतील तपकिरी स्विच मला सर्वांत योग्य वाटतो. लाल त्याहून सौम्य खरा, पण नवशिक्याचे बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटते आणि नसते काने-मात्रे मजकुरात शिरतात. दुसरी गोष्ट आकाराची. जागा वाचविणारे जे आखूड कळफलक आज लोकप्रिय आहेत, त्यांतील पुष्कळांत बाणांच्या कळींना जागा करून देण्यासाठी उजवी शिफ्ट कापून अरुंद केलेली असते. इंग्रजी लिहिणाऱ्यास हे खुपत नाही, मराठी लिहिणाऱ्यास प्रत्येक 'आणि'गणिक खुपते. तेव्हा ८७ कळींचा, आणि महसुली आकडे किंवा हिशेब भरावयाचे असतील तर १०४ कळींचा पूर्ण फलकच घ्यावा. कळींवर देवनागरी अक्षरे छापलेली नाहीत याची मात्र फिकीर नको. कळफलक संगणकाला कळीचा केवळ क्रमांक कळवितो, लिपी संगणक ठरवितो. सरावापुरती अक्षरांची चिकटपट्टी पुरे.

निळ्या स्विचाविषयी माझे मत थोडे कठोर आहे, हे कबूल करतो. आपल्या देशात बँकांच्या नि कचेऱ्यांच्या गल्ल्यावर टीव्हीएस गोल्ड या कळफलकाने जे नाव मिळविले ते अशाच टकटकणाऱ्या स्विचांच्या बळावर, आणि त्याचा टिकाऊपणा वादातीत आहे. परंतु कचेरीच्या गजबजाटात जो आवाज विरून जातो तोच आवाज रात्री दहा वाजता कौलारू घरात, जेथे मधल्या भिंती आढ्यापर्यंत पोहोचलेल्या नसतात, साऱ्या घराला ऐकू जातो. ज्या घरात आजी लवकर निजते तेथे निळा स्विच आणणे हा निव्वळ अविवेक होय.

उरतो हवेचा प्रश्न, आणि कोकणात तो गौण नाही. मांदाडची खाडी जवळ, पावसाळा चार महिन्यांचा, हवेत ओल नि मीठ कायमचे. अशा हवेत धातूच्या पट्ट्यांवर गंज वा धूळ बसली की कळ एकदा दाबली असता अक्षर दोनदा उमटू लागते. महाग स्विचांत सोन्याचा स्पर्शबिंदू असतो म्हणून ते अधिक काळ तग धरतात. स्वस्तांत तो भरवसा नाही. म्हणूनच माझी आग्रहाची शिफारस अशी की डाख न लावता खोबणीत बसविलेले स्विच, ज्यास बाजारात हॉट-स्वॅप म्हणतात, असलेलाच फलक घ्यावा. एखादा स्विच बिघडला की चिमट्याने उपटून पाच-पंचवीस रुपयांत दुसरा बसविता येतो, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र काही खोबणी तीन पायांचे व काही पाच पायांचे स्विच घेतात, आणि काही स्वस्त फलकांच्या खोबणी केवळ आउटेमूच्या बारीक पायांनाच सामावून घेतात; खरेदीपूर्वी ही तपासणी करावी. प्रकाशकिरण अडवून अक्षर उमटविणारे ऑप्टिकल स्विचही मिळतात. त्यांत धातूचा स्पर्शच नसल्याने गंजाची ही तक्रार उद्भवत नाही, पण साध्या स्विचांशी त्यांची अदलाबदल होत नाही.

दिव्यांवर पैसा घालवू नये. तोच पैसा टोप्यांवर घालवावा. एबीएस प्लास्टिकच्या टोप्या काही महिन्यांत बोटांच्या तेलाने तुळतुळीत होतात, पीबीटीच्या खरखरीत राहतात. तारेचा फलक बिनतारीपेक्षा स्वस्त पडतो आणि त्याला चार्जिंगची उठाठेव नसते. बाजारभाव हलते असतात, तरी दोन ते साडेतीन हजारांत हे सर्व साधते. तळ्यासारख्या गावात निरनिराळे स्विच दाबून पाहण्याची सोय नसते. ज्यांचे मुंबईस जाणे होते त्यांनी लॅमिंग्टन रोडवर दोन तास मोडावेत, इतरांनी परतीची मुदत पाहून मागवावा किंवा आठ-दहा स्विच बसविलेली नमुन्याची छोटी पट्टी आधी मागवून ती घरच्या सर्व मंडळींना दाबावयास द्यावी.

परीक्षार्थींसाठी एक सूचना. मराठीचे ३० शब्द प्रतिमिनिट हे प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेत मिळवावयाचे असते, आणि परीक्षा केंद्रावरील कळफलक बहुधा रबराचा, बराच झिजलेला असतो. घरी तपकिरी स्विचावर सराव करावा, पण परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस रोज तासभर संस्थेतल्या जुन्या फलकावरच बसावे.