दमलेली सिस्टर आणि आपला रुग्ण

मध्यंतरी एक गृहस्थ तणतणतच माझ्या दवाखान्यात आले. वडील एका रुग्णालयात दाखल होते. "सिस्टर धड बोलत नाहीत, बोलावलं तरी अर्धा अर्धा तास येत नाहीत," अशी तक्रार. मी विचारले, "रात्री वॉर्डात सिस्टर किती?" "एकच." "आणि रुग्ण?" "असतील पंचवीस-तीस." एवढे बोलून ते स्वतःच जरा शांत झाले.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात काय असते, हे आपण पाहतोच. त्यात बदलीची सिस्टर आली नाही की हिलाच पुढची पाळी करावी लागते. असे महिनोन्महिने चालले की माणूस आतून पिचतो. याला ‘बर्नआऊट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपून जाणे, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि कामातील कार्यक्षमता घटणे. हा आजार नव्हे; कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न हाताळल्याचा तो परिणाम आहे. म्हणजेच सिस्टरचा तुसडेपणा हा दरवेळी स्वभावाचा दोष नसतो.

याचा रुग्णाशी संबंध काय? रुग्णाची नाडी वाढली, श्वास भरभर चालू लागला, लघवी कमी झाली, हे सर्वांत आधी सिस्टरच्या लक्षात येते. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा फेरी मारतात. ती आठ तास तिथेच असते. तिचे लक्ष विस्कटले की धोक्याची सूचना उशिरा मिळते. अमेरिकेत लिंडा एकन व सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी आणि परिचारिकांमध्ये बर्नआऊटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

दमण्याइतकीच भीतीही घातक. माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. एका वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते. सलग दुसरी पाळी करणाऱ्या सिस्टरने एकाचे इन्सुलिन दुसऱ्याला दिले. चूक लक्षात येताच ती धावत मला उठवायला आली. आम्ही लगेच शिरेतून ग्लुकोज दिले, रुग्ण वाचला. सकाळी मात्र सर्वांसमोर मी तिला फैलावर घेतले. त्यानंतर त्या वॉर्डातून कोणीही आपली चूक मला सांगितली नाही. चुका थांबल्या असे मला वाटले होते. थांबले होते ते सांगणे. त्या रात्री ती गप्प बसली असती, तर रुग्ण झोपेतच बेशुद्ध झाला असता. आभार मानायचे सोडून मी ओरडलो, ही बोच आजही आहे.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनाही १९९६ च्या अभ्यासात असेच आढळले. ज्या वॉर्डांचे वातावरण चांगले, तिथे औषधांच्या चुकांची नोंद उलट जास्त होती; कारण तिथे लोक न घाबरता बोलत होते.

रुग्णालय चालवणाऱ्यांनी सलग दोन पाळ्या टाळाव्यात, सारख्या नावांचे रुग्ण शेजारी ठेवू नयेत आणि चूक सांगणारीला आधी ऐकून घ्यावे. नातेवाइकांनीही एवढे करावे :

- सिस्टर औषध मोजत किंवा भरत असताना तिला हाक मारू नये.
- औषध देण्यापूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव सांगावे, "हे कशाचं औषध?" असे नम्रपणे विचारावे.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते दाखल होतानाच सांगावे.
- रुग्णाजवळ एकानेच थांबावे. मात्र श्वास, शुद्ध किंवा रक्तस्राव यांत बदल दिसला तर संकोच न करता लगेच बोलवावे.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितले. जाताना ते म्हणाले, "आज रात्री सिस्टरना चहा तरी विचारतो." जरूर विचारावा. पण वॉर्डात दुसरी सिस्टर का नाही, हा प्रश्नही रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला विचारावा.