आभासी यंत्राच्या साहाय्याने इन्स्टॉलरमधील हार्डडिस्क-विभाजनाची चाचणी : एक विवेचन

प्रस्तावना :

पुणे-सातारा महामार्गावरून भोरकडे वळताना लागणारे कापूरहोळ हे रस्त्यांच्या संगमावरचे गाव आहे. अशा गावांतील शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रे व लहान दुकाने यांचा दैनंदिन व्यवहार आज संगणकावर अवलंबून आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० सारख्या अटी असल्यामुळे अनेक जुने संगणक त्या प्रणालीस अपात्र ठरतात. अशा वेळी डेबियन अथवा सी-डॅकने विकसित केलेली, डेबियनवरच आधारलेली 'बॉस' यांसारखी लिनक्स प्रणाली बसविणे हा एक पर्याय राहतो. परंतु जुनी माहिती सांभाळून नवी प्रणाली बसविताना सर्वांत मोठा धोका विभाजनाच्या टप्प्यावर असतो. त्या टप्प्याची पूर्वचाचणी आभासी यंत्रात, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनमध्ये कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विभाजनाची संकल्पना :

हार्डडिस्कच्या विभाजनाची तुलना जमिनीच्या पोटहिश्श्यांशी करता येईल. शेताचे हिस्से पडले म्हणजे माती हलत नाही. अभिलेखात कोणाचा हिस्सा कोठून कोठपर्यंत एवढीच नोंद होते. डिस्कवरील विभाजन-तक्ता ही अशीच नोंद होय. जुन्या एमबीआर पद्धतीत ही नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असते. त्यातील ६४ बाइट तक्त्यासाठी असून प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी त्यात मावतात. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने २ टेराबाइटच्या पुढील जागा या तक्त्यास दर्शविता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते व तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवली जाते. एक प्रत बिघडल्यास दुसरीवरून ती पुन्हा उभी करता येते.

विभाग लहान करताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी त्यातील फाइल-प्रणाली आक्रसावी व नंतर तक्त्यातील सीमा बदलावी; विभाग मोठा करताना याच्या उलट. पीक काढण्यापूर्वीच बांध सरकविला, तर उभे पीक शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. इन्स्टॉलरने हा क्रम चुकविला तर फाइल-प्रणालीचा शेवटचा भाग दुसऱ्या विभागात अडकतो आणि वर्षानुवर्षांची माहिती नष्ट होऊ शकते.

आभासी यंत्राची उपयुक्तता :

आभासी यंत्र म्हणजे एका संगणकात प्रोग्रामच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक. क्यूईएमयू, लिनक्स कर्नलमध्ये २००७ साली समाविष्ट झालेले केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स ही त्याची परिचित साधने होत. या यंत्राची हार्डडिस्क ही मूळ संगणकावरील एक फाइल असते. ती ४० गीगाबाइटची घोषित केली तरी प्रत्यक्षात लिहिलेल्या माहितीपुरतीच जागा व्यापेल, अशी सोय करता येते. शिवाय 'स्नॅपशॉट' घेऊन डिस्कची त्या क्षणाची स्थिती जतन करता येते. चाचणी फसली तरी काही क्षणांत पूर्वस्थिती प्राप्त होते. एकच प्रयोग कितीही वेळा त्याच आरंभबिंदूपासून करता येतो.

चाचणीची पद्धती :

प्रथम आभासी डिस्कवर जुनी प्रणाली बसवून काही फाइली ठेवाव्यात. त्या फाइलींची एसएचए-२५६ बेरीज व विभागांच्या आरंभ-अंताचे सेक्टर नोंदवून यंत्र व्यवस्थित बंद करावे व स्नॅपशॉट घ्यावा. त्यानंतर पुढील परिस्थिती एकेक करून तपासाव्यात :

१) पूर्णतः रिकामी डिस्क.
२) जुनी प्रणाली असलेली व काही जागा मोकळी असलेली डिस्क.
३) मोकळी जागा नसलेली, जुना विभाग लहान करावा लागणारी डिस्क.
४) एमबीआरमधील चारही नोंदी वापरलेली डिस्क.
५) दोन डिस्क, पैकी एकीस हातही लागता कामा नये.
६) हेतुपुरस्सर बिघडविलेला तक्ता.

यांतील लागू पडणारी प्रत्येक परिस्थिती बायोस व यूईएफआय या दोन्ही प्रकारे तपासणे इष्ट ठरते, कारण यूईएफआयला सुरुवातीसाठी फॅट पद्धतीचा स्वतंत्र विभाग लागतो. प्रत्येक चाचणीनंतर फाइलींच्या बेरजा जुळतात का, सीमा अपेक्षेप्रमाणे आहेत का आणि दोन्ही प्रणाली सुरू होतात का, हे पाहावे.

आणखी दोन चाचण्या आवश्यक आहेत. पहिली माघारीची. विभाजनाच्या पडद्यापर्यंत जाऊन, अंतिम संमती न देता बाहेर पडावे व संपूर्ण डिस्क-फाइलीची बेरीज पूर्वीच्या बेरजेशी ताडून पाहावी. संमतीपूर्वी एक बाइटही बदलला असेल तर त्याचे कारण शोधले पाहिजे. दुसरी चाचणी खंडित विजेची. विभाग लहान होत असताना यंत्र बळजबरीने बंद करून काय शिल्लक राहते ते पाहावे. ग्रामीण भागात ही शक्यता काल्पनिक नाही.

भाषेचा प्रश्न :

२००७ च्या डेबियन 'एच' आवृत्तीत चित्रात्मक इन्स्टॉलर आला आणि देवनागरीसारख्या लिप्या त्यात दाखविणे सुकर झाले. आज हा इन्स्टॉलर मराठीतही उपलब्ध आहे. म्हणून चाचणी मराठी निवडूनही करावी. 'हा विभाग वापरा' आणि 'हा विभाग पुसून वापरा' यांतील भेद वापरणाऱ्यास स्पष्ट कळला नाही, तर निर्दोष प्रोग्रामही माहिती पुसून टाकेल, आणि तीही वापरणाऱ्याच्या संमतीने.

मर्यादा :

आभासी यंत्र सर्वच दोष दाखवीत नाही. जुन्या डिस्कवरील खराब सेक्टर आणि विशिष्ट उत्पादकांच्या फर्मवेअरमधील उणिवा तेथे आढळत नाहीत. बळजबरीने बंद केलेल्या आभासी यंत्राची काही माहिती मूळ संगणकाच्या स्मृतीतून पुढे डिस्कवर लिहिली जाते. त्यामुळे ही चाचणी प्रत्यक्ष वीज जाण्यापेक्षा सौम्य ठरते. एनव्हीएमई, साटा अशा डिस्कप्रकारांची नावेही प्रणालीत वेगवेगळी येतात, हे लक्षात ठेवावे.

निष्कर्ष :

विभाजन ही इन्स्टॉलरमधील सर्वाधिक हानी करू शकणारी क्रिया आहे. आभासी यंत्रातील पद्धतशीर चाचणीने इन्स्टॉलरचे वर्तन आधीच कळते. मात्र प्रत्यक्ष संगणकातील माहितीची वेगळ्या साधनावर घेतलेली प्रत तिच्यामुळे अनावश्यक ठरत नाही. महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही चाचणी प्रात्यक्षिक म्हणून केल्यास त्यांना विषयाचे सखोल ज्ञान मिळेल, आणि परिसरातील संस्थांचे जुने संगणक माहिती न गमावता पुन्हा उपयोगात आणता येतील.