संत्र्याचे लांबलेले बालपण

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने जनुकशास्त्रावर लिहावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. तो आमच्या वरूड तालुक्यातील बागेतून माझ्याकडे चालत आला. दोन वर्षांपूर्वी बागेत डिंक्या शिरला. खोडातून डिंक ओघळू लागला, साल कुजली, आणि ऐन भरातली झाडे आबाजींनी स्वतःच्या हातांनी तोडली. त्या संध्याकाळी त्यांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या मावसभावाला विचारले, “कारे बापू, डिंक न येनारं संत्र्याचं झाड कई निंघन?”

“निंघन आबाजी, पन लय वर्सं लागतीन.”

एवढी वर्षे का लागतात, आणि ती कमी करता येतील का, हे मला जसे उमगले तसे येथे मांडतो.

आपल्याकडे संत्र्याची बाग कलमांची असते. जंभेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात. डोळा वयात आलेल्या झाडाचा असल्यामुळे कलम चार-पाच वर्षांत फळावर येते. पण कलम म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. आईचा गोडवा जसा येतो, तसा तिचा दुबळेपणाही येतो. नवा गुण हवा असेल तर दोन झाडांचा संकर करून बीच लावले पाहिजे.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की, नागपुरी संत्र्याच्या एका बीत बहुधा अनेक गर्भ असतात आणि त्यांतील बरेचसे केवळ आईच्या पेशींपासून बनलेले असतात. म्हणजे संकर करूनही उगवणारी बहुतेक रोपे आईचीच प्रतिरूपे निघतात. खरे संकरित रोप आता जनुकीय चाचणीने लहानपणीच ओळखता येते, त्यामुळे ही अडचण पुष्कळशी सुटली आहे.

दुसरी अडचण काळाची. बियांपासून वाढलेल्या संत्र्याचे बालपण फार लांब असते. सहा-सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ ते काटे आणि पाने वाढवते, फुलत नाही. समजा, डिंक्या घडवणाऱ्या फायटोप्थोरा या सूक्ष्मजीवाला दाद न देणाऱ्या त्रिपर्णी संत्र्याशी संकर केला. त्या झाडाचे फळ कडू असते. तो कडूपणा घालवण्यासाठी पुन्हा पुन्हा गोड संत्र्याच्या कुळाशी संकर करावा लागणार. अशा चार पिढ्या धरल्या तरी पंचवीस-तीस वर्षे होतात. एका संशोधकाची सारी नोकरी त्यात संपते.

2001 साली स्पेनमधील लिआंद्रो पेन्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बालपणालाच हात घातला. मोहरीच्या कुळात अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचे चिमुकले रोप आहे. फुलोरा सुरू करण्याची आज्ञा देणारी त्याची दोन जनुके, लीफी आणि अपेटाला-वन, त्यांनी लिंबूवर्गीय संकरित रोपांत घातली. त्यासाठी वाहक म्हणून अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतील जिवाणू वापरला. आपली जनुके वनस्पतीच्या पेशीत सोडणे हा त्याचा उपजत स्वभाव आहे. त्यांतील काही रोपे पहिल्याच वर्षी फुलली, फळली, आणि त्यांच्या बियांची रोपेही तशीच लवकर फुलली.

अमेरिकेत आलुबुखाऱ्यावर याच्या पुढचे पाऊल पडले. पॉप्लर वृक्षाचे फुलोऱ्याचे जनुक घातलेली झाडे वर्षाच्या आतच फुलू लागली; हे काम 2012 साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीतील खरी खुबी शेवटच्या पायरीत आहे. बाहेरून आणलेले जनुक निम्म्याच संततीत उतरते. प्रत्येक पिढीत ते असलेली रोपे निवडून काम भराभर उरकायचे, आणि शेवटच्या पिढीत ते नसलेले रोप निवडायचे. पाहुणे जनुक घाई करून निघून जाते. हवे ते गुण मागे राहतात.

वऱ्हाडाला जनुक-अभियांत्रिकी नवी नाही. बीटी कापूस 2002 पासून आपल्या शेतांत आहे, आणि त्याचे गुणदोष आपण पाहिले आहेत. म्हणून आंधळा उत्साह नको. पिढ्या लवकर उरकल्या तरी नवे झाड बागेत लावून, आंबिया आणि मृग बहारांत पारखून घ्यायला काही वर्षे द्यावीच लागतील. शिवाय ज्या फळाच्या आजीत परके जनुक होते, पण त्या फळात ते नाही, त्याला कोणता नियम लावायचा, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. कायदा, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणाऱ्या आपणा सर्वांचाही तो आहे.

अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. आमची बाग या दोहोंच्या मध्ये पडते. हे काम आपल्या मातीत, आपल्या संत्र्यावर व्हावे, एवढीच माझी इच्छा आहे.

गेल्या पावसाळ्यात आबाजींनी शेंदूरजना घाटहून नवी कलमे आणून मोकळ्या खड्ड्यांत लावली. ती जुन्याच जातीची आहेत. या वेळी डोळ्याचा जोड जमिनीपासून बराच वर ठेवला आहे आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावली आहे. तूर्त त्यांच्या हातात एवढेच आहे.